नादुरुस्त क्षितिजाची चौकशी

वर काय आणि खाली काय हे आपल्याला डोळे मिटूनही कळते, असा मनुष्यमात्राचा जो ठाम समज आहे, तो जमिनीवर बहुधा खरा ठरतो आणि ढगात शिरल्यावर साधारण तीन मिनिटांत खोटा ठरतो. हा तीन मिनिटांचा हिशेब अंदाजपंचे केलेला नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली झालेल्या एका प्रयोगात, केवळ यंत्रांच्या भरवशावर उडण्याचा सराव नसलेल्या वीस जणांना, बाहेरचे काहीही दिसणार नाही अशी व्यवस्था करून, विमान सांभाळायला सांगण्यात आले. वीसच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला आणि तो सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. विद्यापीठाच्या परीक्षेत इतका एकमुखी निकाल क्वचितच लागतो.

याचे कारण कानात आहे. अंतर्कर्णात, म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागात, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असून त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला वळण कळते. परंतु वळण एकाच गतीने काही काळ चालू राहिले की तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो, संवेदना थांबते, आणि विमान कलंडून घिरट्या घेत खाली चाललेले असताना आतल्या माणसाची मात्र आपण नाकासमोर चाललो आहोत अशी मनोमन खात्री पटते. अशा वेळी कुणी विमान खरोखरच सरळ केले, तर त्याला ते उलट बाजूला कलल्यासारखे वाटते आणि तो ते पुन्हा आपल्या मताप्रमाणे ‘सरळ’ करतो.

या फितूर कानावर अंकुश म्हणून वैमानिकासमोर जे यंत्र बसवले जाते, त्याला कृत्रिम क्षितिज म्हणतात. त्याचा वरचा अर्धा भाग निळा, म्हणजे आकाश. खालचा तपकिरी, म्हणजे जमीन. मधली रेघ म्हणजे क्षितिज. आणि तिच्यावर विमानाची एक छोटी स्थिर खूण. विमान किती कलंडले आहे आणि त्याचे नाक किती वर वा खाली आहे, एवढेच ते सांगते, पण ढगात तेवढेच हवे असते. एल्मर स्पेरी यांच्या कंपनीने बनवलेले असे यंत्र घेऊन जेम्स डूलिटल या अमेरिकी लष्करी वैमानिकाने २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर, स्वतःच्या बैठकीवर झापड ओढून घेऊन, बाहेर न पाहता उड्डाण केले आणि तसेच विमान उतरवले. स्पेरींचे चिरंजीव लॉरेन्स यांनी तर त्याआधी १९१४ साली, पॅरिसजवळ सीन नदीवर, भोवऱ्याच्या साहाय्याने विमान आपोआप समतोल राखते हे परीक्षकांना पटवण्यासाठी उडत्या विमानाच्या पंखावर मेकॅनिकला चालायला लावले होते आणि स्वतः दोन्ही हात वर करून बसले होते. प्रात्यक्षिकाची ही पद्धत पुढे रूढ झाली नाही, हे मेकॅनिक लोकांचे सुदैव होय.

जुन्या कृत्रिम क्षितिजात खराखुरा भोवरा असे. वेगाने फिरणारा भोवरा आपल्या आसाची दिशा सोडत नाही, या एका सद्गुणावर त्याचे सारे काम चाले; आणि त्याला फिरवण्यासाठी इंजिनावर बसवलेला एक निर्वात पंप त्या यंत्रातून हवा ओढत राही. या पंपातील पाती कार्बनची असत आणि ती कसलीही पूर्वसूचना न देता मोडत. पंप मोडल्यावर भोवरा मात्र लगेच थांबत नसे. तो हळूहळू मंदावे, थकल्यासारखा एका बाजूला कलू लागे, आणि त्याच्या कलण्याला विमानाचे कलणे समजून वैमानिकही विमान भलतीकडे कलवू लागे. यंत्राने मरता मरता सांगितलेले हे असत्य इतके हळुवार असे की ते असत्य आहे हे कळेपर्यंत ऐकणाराही त्याच्याबरोबर खाली निघालेला असे. म्हणूनच अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने लहान विमानांत या भोवऱ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदे बसवण्याची वाट मोकळी केली, तेव्हा, म्हणजे २०१६ च्या सुमारास, सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानांच्या मालकांनी आपले जुने पंप फारसे दुःख न करता काढून टाकायला सुरुवात केली.

इलेक्ट्रॉनिक क्षितिजात भोवरा नसतो. त्याच्या जागी सिलिकॉनच्या चिपवर कोरलेली, डोळ्यांना न दिसणारी आणि अखंड थरथरणारी एक रचना असते. विमान वळले की तिची थरथर किंचित बाजूला ढळते आणि त्या ढळण्यावरून वळण्याचा वेग काढला जातो. हा वेग क्षणोक्षणी बेरजेत घेत गेले की विमान एकूण किती कलले हे कळते. अडचण अशी की प्रत्येक मोजणीत अणुमात्र चूक असते आणि बेरजेत चुकांचीही बेरीज होते. त्यामुळे या रचनेला एकटेच सोडले तर काही काळाने ती स्वतःच्याच कल्पनेतील आकाशात उडू लागते. तिला ताळ्यावर ठेवण्यासाठी सोबत त्वरणमापक बसवतात, म्हणजे खाली कोणत्या बाजूला आहे हे वजनाच्या ओढीवरून सांगणारा घटक. आणि इथे खरी गंमत सुरू होते.

शंभर नॉट वेगाने जाणारे विमान दोन मिनिटांत एक पूर्ण वर्तुळ होईल अशा बेताने नीट वळवले तर ते सुमारे पंधरा अंश कलते. या वळणात गवंड्याचा ओळंबा विमानाच्या छताला टांगला तर तो जमिनीकडे न झुकता विमानाच्याच तळाकडे काटकोनात लोंबत राहतो, कारण वळणाचा जोर आणि गुरुत्वाकर्षण यांची बेरीज नेमकी त्याच दिशेला पडते. बॉब हूवर हे अमेरिकी वैमानिक विमानाला आडवी कोलांटी घालता घालता एका हाताने पेल्यात थंड चहा ओतत असत आणि थेंबही सांडत नसे, यातली अर्धी कला हाताची असली तरी उरलेली अर्धी याच नियमाची होती. चहाला जे कळत नाही ते त्वरणमापकालाही कळत नाही. पंधरा अंश कललेल्या विमानात तो ‘सर्व काही सरळ आहे’ असाच अहवाल देतो. म्हणजे माणसाच्या कानावर भरवसा नाही म्हणून जे यंत्र बसवले, त्याच्या आतही शेवटी एक कानच निघाला, आणि तोही त्याच थापेला तितक्याच सहजतेने भुलणारा.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा पूर्णतः आपल्याकडच्या रिवाजातला आहे: स्थळाची चौकशी करताना जसे चार शेजाऱ्यांना विचारून मग मत बनवतात, तसे हे यंत्र कुणा एकाच्या बोलण्यावर विसंबत नाही. उपग्रहावरून वेग आणि वाट कळते. पिटो नळी, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी पंखाखालची नळी, हवेतला वेग सांगते. पंखात दूरवर बसवलेला चुंबकमापक दिशा सांगतो. आणि या साऱ्यांच्या साक्षी ताडून पाहून, कुणाचे किती खरे मानायचे हे दर क्षणी ठरवून, पडद्यावर ती निळी-तपकिरी रेघ काढली जाते. कोणते यंत्र कोणत्या शेजाऱ्यावर किती विसंबते हे उत्पादकागणिक बदलते. काही यंत्रे पिटो नळी बंद झाली तरी निभावून नेतात, तर काहींचे क्षितिजच तिच्याबरोबर नाहीसे होते.

साक्षी जुळेनाशा झाल्या की हे यंत्र जे करते, ते जुन्या भोवऱ्याला कधी जमले नाही आणि विद्वानांनाही सहसा जमत नाही: ते आपले मत मागे घेते. क्षितिज पुसले जाते आणि त्या जागी मोठी तांबडी फुली उमटते. मात्र या प्रामाणिकपणाला एक टोक आहे. लहान विमानांतल्या एका प्रचलित पडद्यावर ही यंत्रणा स्वतःला पुन्हा सावरत असताना वैमानिकाला ‘पंख समतल ठेवावेत’ अशी सूचना झळकते. स्वच्छ हवेत ही सूचना रास्त आहे. ढगात मात्र, पंख समतल आहेत की नाहीत हे ज्याला विचारायचे, तोच आधी पंख समतल करून आणा म्हणजे सांगतो, असे म्हणू लागतो. अशा प्रसंगासाठीच विमानात दुसरे, स्वतंत्र क्षितिज ठेवतात.

एवढी पूर्वपीठिका लक्षात घेतली म्हणजे या यंत्राच्या दुरुस्तीचे शास्त्र, की ज्याला विमानाच्या हँगरात शास्त्रापेक्षा नशिबाचा भाग मानतात, ते समजायला सोपे जाते. दोष दिसतो पडद्यावर. पण पडदा हा केवळ शेजाऱ्यांच्या बोलण्याचा गोषवारा असल्यामुळे दोष बहुधा दुसरीकडेच कुठेतरी असतो. असे असूनही पहिला बळी पडद्याचाच जातो. वैमानिक उतरल्यावर नोंदवहीत स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहितो: ‘होरायझन कधी कधी बरोबर नाही.’ ‘कधी कधी’ म्हणजे केव्हा, आणि ‘बरोबर नाही’ म्हणजे कसे, हे तो लिहीत नाही, कारण त्याला पुढचे उड्डाण असते. परवानाधारक देखभाल अभियंता, ज्याला आपल्याकडे एएमई म्हणतात, तो विमान जमिनीवर चालू करतो. जमिनीवर यंत्र अत्यंत सालसपणे वागते. मग पडदा काढून उत्पादकाकडे धाडला जातो, तिथून ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह आणि तपासणीच्या बिलासह परत येतो, आणि तोवर विमानात बसवलेला उसना पडदाही त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच दिमाखात वाकडे क्षितिज दाखवू लागलेला असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही रीत असून, तिच्यात संन्याशाचा जाण्यायेण्याचा खर्चही विमानमालकाच्या माथी बसतो.

जाणकार एएमई उलट क्रमाने जातो. तो आधी विमानाखाली वाकतो. उभ्या विमानात क्षितिज एक-दीड अंश डावा कल दाखवते ही तक्रार फार वेळा ऐकू येते. तिच्या मुळाशी डाव्या चाकाच्या टायरात कमी असलेली हवा, पाणी वाहून जावे म्हणून मुद्दाम उतार दिलेली फरशी, किंवा एका पंखाच्या टाकीत जास्त भरलेले इंधन असते, आणि यंत्र बिचारे खरे तेच सांगत असते. त्यानंतर तो पाहतो ती पडद्याची बैठक, कारण यंत्राला पॅनेलचा तिरकेपणा बसवतानाच सांगावा लागतो, आणि पॅनेल रबरी गादीवर बसवलेले असेल तर इंजिनाच्या थरथरीत आपण उडतो आहोत की हेलकावे खातो आहोत हे यंत्राला उमगत नाही. म्हणूनच काही उत्पादक यंत्र बसवल्यावर इंजिन निरनिराळ्या वेगांवर चालवून थरथरीची परीक्षा घ्यायला सांगतात.

मग येतो तो लूज कॉन्टॅक्ट. टेपरेकॉर्डरपासून मोटारीपर्यंत ज्याच्या नावावर मराठी मुलखातील निम्मे बिघाड आजवर खपले, तो विमानात आल्यावर काही सुधारत नाही. पडद्यामागच्या जोडणीतली एखादी पिन नीट दाबली गेलेली नसते. जमिनीवर ती टेकते, हवेत पॅनेल गारठले की सुटते. अर्थिंगची तार रंग न खरवडता तशीच पॅनेलला कसलेली असते. गोंदियाजवळच्या बिरसीला किंवा बारामतीला जिथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, तिथल्या पावसाळ्यात या जोडण्यांत ओल शिरते, आणि ऑक्टोबरचे ऊन पडले की दोष, तारा आणि पुरावा असे सारेच सुकून जाते. कधी विमानाचा वीजपुरवठाच मध्ये खंडित झालेला असतो आणि यंत्र आपल्या अंगच्या बॅटरीवर मुकाट्याने चालत राहते. ती संपली की यंत्र बंद पडते, आणि आरोप ‘अचानक’ बंद पडल्याचा होतो, वास्तविक पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचे चित्र मघापासून दिसत असते.

यातला सर्वांत रम्य प्रकार तारांच्या जोडीचा आहे. ही यंत्रे एकमेकांशी पिळदार तारांच्या ज्या जोडीवरून बोलतात, तिला कॅन बस म्हणतात. ती मूळ मोटारींसाठी निघाली. तिच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त दोन्ही टोकांनाच, १२० ओहमचा एकेक रोधक लावावा लागतो, नाहीतर तारेच्या टोकाला आदळून संदेश मागे फिरतात आणि पुढच्या संदेशांत मिसळतात. दोन रोधक समांतर असल्यामुळे वीज बंद करून मल्टीमीटरची टोके या तारांना लावली की ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक रोधक बसवायचा राहिला. ४० दिसले तर नंतर आलेल्या कुणी शहाण्याने, विसरायला नको म्हणून, मध्येच तिसरा बसवला. ही तपासणी एका मिनिटाची, मल्टीमीटर प्रत्येकाच्या पेटीत, तरीही ती सर्वांच्या शेवटी, पडद्याच्या दोन वाऱ्या झाल्यावर केली जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

चुंबकमापकाची कथा निराळी आहे. इंजिन आणि तारा यांच्या गोंगाटापासून दूर राहावा म्हणून तो पंखाच्या टोकाकडे बसवतात, म्हणजे दिव्यांच्या तारांशेजारी. तिथले झाकण काढताना मूळचा बिनचुंबकी स्क्रू घरंगळतो आणि त्या जागी डब्यातला, तसाच दिसणारा, पोलादी स्क्रू लागतो. त्यातही तो पडू नये म्हणून चुंबक लावलेल्या स्क्रूड्रायव्हरने. त्या दिवसापासून विमान उत्तरेकडे नीट जाते आणि पूर्वेकडे जाताना भलतेच काही सांगते. या प्रकरणातील चौकशीची पद्धत मात्र सुंदर आहे: विमान लोखंडापासून दूर उभे करून, इंजिन चालू ठेवून, एकेक वस्तू क्रमाने लावायची आणि पडद्यावरच्या दिशेकडे पाहत राहायचे: लखलखता दिवा, उतरतानाचा दिवा, पिटोची उष्णता, फ्लॅपची मोटर. ज्या बटणासरशी दिशा हलली, त्याच्या तारेचा माग काढावा. ‘लोखंडापासून दूर’ हेही अक्षरशः घ्यावे लागते, कारण हँगरसमोरच्या काँक्रीटमधील सळ्यासुद्धा पुरेशा असतात, आणि हँगरच्या दारात रोज सकाळी रुसणारे यंत्र धावपट्टीवर पोहोचेपर्यंत आपोआप शहाणे होते.

शेजाऱ्यांपैकी पिटो नळीचा वैरी सजीव आहे. कुंभारीण, म्हणजे मातीची घरटी बांधणारी माशी, हिला योग्य व्यासाचे भोक दिसले की ते कशाचे आहे याची ती विचारपूस करत नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन विमानतळावर २०१३ साली जेमतेम दोन तास उभ्या राहिलेल्या एका अवाढव्य प्रवासी विमानाच्या पिटोत अशाच जातीच्या माशीने माती भरली होती. वेगदर्शकांत तफावत दिसून ते एकदा धावपट्टीवरच थांबवावे लागले आणि दुसऱ्यांदा उडून परत आणावे लागले. लहान विमाने तर आठवडेच्या आठवडे उभी असतात. नळीवर घालायचे तांबडे आवरण पायलटच्या पिशवीत नसून नळीवर असावे, हा साधा नियम इथे उपयोगी पडतो, आणि तितकाच उपयोगी दुसरा नियम म्हणजे उडण्यापूर्वी ते काढावे. अडकलेल्या नळीत तोंडाने फुंकर मारण्याचा मोह मात्र आवरावा. त्या फुंकरीने आतल्या वेगदर्शकाचा जीव जातो, आणि एका स्नॅगचे दोन होतात.

हे सारे पार पडूनही काही स्नॅग भिजत घोंगड्यासारखे राहतात, आणि त्यांचे खापर सॉफ्टवेअरवर फोडण्याची सोय आता झाली आहे. ती नेहमीच खोटी असते असे नाही. पण यंत्र बंद करून पुन्हा चालू केले आणि ते सुधारले, या घटनेला ‘दुरुस्ती’ म्हणणे नोंदवहीपुरते ठीक. त्यापेक्षा वैमानिकांनी स्नॅग लिहिताना दोन ओळी अधिक लिहाव्यात: विमान वळत होते की सरळ, कोणते दिवे लागले होते, बाहेर थंडी किती होती, फुली उमटली की नुसते क्षितिज कलले, आणि किती वेळाने सावरले. एवढ्या तपशिलावरून चांगला एएमई पॅनेलला हात लावण्यापूर्वीच संशयित दोघांवर आणतो.

आणि जिथे तेही जमणार नाही, तिथे निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे दिवसा, स्वच्छ हवेत, बाहेर बघून उडणाऱ्या लहान विमानात कृत्रिम क्षितिज असणे सर्वसाधारणपणे बंधनकारकच नाही. समोरच्या काचेतून दिसणारे मूळ क्षितिज त्या कामी ग्राह्य धरतात, आणि ते आजवर कुठल्याही हँगरात दुरुस्तीला आलेले नाही. नादुरुस्त पडदा रीतसर निष्क्रिय करावा, तशी नोंद करावी आणि त्यावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी लावावी. चिठ्ठी डिंकाने चिकटवावी; चुंबकाने लावू नये.